नऊ होल, दोन तास

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, असं मी मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर विचारलं होतं. बाबांनी लिहिलं, "साहेब लोकांचा खेळ." मावशीने लिहिलं, "एवढी हिरवीगार जागा आणि त्यात चारच टाळकी." दहावीतल्या भाच्याचं उत्तर सगळ्यांत छोटं होतं, "मामा, बोअर." खरं तर बडोद्याच्या माणसाला गोल्फ अगदीच परका नाही. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात गोल्फचं मैदान आहे, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. पण ते राजवाड्याच्या आवारात आहे, यातच सगळं आलं. हा खेळ आपण खेळायचा नसतो, फार तर लांबून बघायचा असतो, अशी आपली पक्की समजूत.

माझ्यापुरती ही समजूत मोडली ती स्कॉटलंडमध्ये. कामानिमित्त मी दीड वर्ष एडिंबऱ्यात होतो. शहराच्या पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर समुद्राच्या खाडीला लागून मसलबरा नावाचं गाव आहे. एकेकाळी कोळ्यांचं गाव, आता बरंचसं एडिंबऱ्याचं उपनगर. साध्या सिटी बसने जाता येतं. तिथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे आणि त्या शर्यतीच्या गोल मार्गाच्या पोटात गोल्फचं एक छोटंसं मैदान आहे. त्याला म्हणतात मसलबरा लिंक्स, द ओल्ड गोल्फ कोर्स. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे.

हे मैदान कुठल्या धनिकाचं नाही की क्लबचंही नाही. ते सार्वजनिक आहे. आपल्याकडे नगरपालिकेची बाग असते, पोहण्याचा तलाव असतो, तसं. सभासदत्व नको, ओळख नको, शिफारस नको. वेळ ठरवायची, पैसे भरायचे, खेळायचं. खर्च म्हणाल तर तिथे दोघांनी सिनेमाला जाण्याइतका. काठ्या नसतील तर भाड्याने मिळतात. काठ्या म्हणजे गोल्फचे क्लब, पण सभासदांच्या क्लबशी घोटाळा नको म्हणून या लेखात त्यांना काठ्याच म्हणतो.

आधी थोडं गणित, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नेहमीचं गोल्फ मैदान अठरा होलचं असतं. पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंतची लांबी साधारण साडेसहा ते सात हजार यार्ड, म्हणजे सहा किलोमीटरच्या आसपास, आणि तीही सरळ चाललात तर. एक डाव संपायला चार तास सहज लागतात, गर्दी असेल तर पाच. जाणं-येणं, तयारी धरली तर रविवार गेला. प्रत्येक होलला एक आकडा ठरलेला असतो. चांगल्या खेळाडूला चेंडू त्या भोकात घालायला किती फटके लागावेत, तो आकडा. त्याला पार म्हणतात. अठरा होलचा पार बहुतेक ७० ते ७२ असतो.

मसलबऱ्याला होल नऊच. एकूण लांबी तीन हजार यार्डांहून कमी. पार ३४. दोन तासांत डाव संपतो. सकाळी लवकर गेलात तर जेवायला घरी. माझ्यासारख्या माणसाला याचं महत्त्व फार होतं. घरी दीड वर्षाची मुलगी, बायकोचाही नोकरीतला पहिला पाव हिस्सा नव्या देशात निघालेला, आजी-आजोबा सात हजार किलोमीटरवर. अशा घरातून एका माणसाने रविवारी सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परत यायचं, हा खेळ म्हणायचा की पळ काढणं? दोन तासांचं मात्र जमत होतं. एका शनिवारी मी, दुसऱ्या शनिवारी तिची पाळी. ती पोहायला जायची.

पण लहान आहे म्हणून तिथे गेलो, तरी केवळ लहान आहे म्हणून पुन्हा पुन्हा गेलो नसतो. कारण नुसतं लहान काहीही करता येतं. मोठ्या गोष्टीला कात्री लावली की झालं. मसलबऱ्याचं मैदान तसं कापलेलं नाही. ते मुळातच लहान आहे आणि एकेक होल विचार करायला लावणारा आहे.

जगात सर्वांत जुनं, आजही खेळलं जाणारं गोल्फ मैदान कोणतं, यावर स्कॉटलंडमध्ये वाद चालतो. सेंट अँड्र्यूजचे लोक आपलं म्हणतात. पण गिनेस बुकने मान दिला आहे तो मसलबऱ्याला. पुरावा मजेशीर आहे. सर जॉन फाऊलिस नावाचे एक वकील होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत २ मार्च १६७२ या तारखेला मसलबऱ्याला गोल्फ खेळताना हरलेल्या पैशांची नोंद आहे. खेळाचा इतिहास कुणाच्या तरी खर्चाच्या वहीमुळे सिद्ध व्हावा, ही गोष्ट आपल्या रोजकीर्द लिहिणाऱ्या आजोबांना नक्की आवडली असती. १६७२ म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी.

सुरुवातीला इथे सातच होल होते. आठवा आला १८३२ मध्ये, नववा १८७० मध्ये. म्हणजे नऊपर्यंत पोहोचायला या मैदानाने दोनशे वर्षं घेतली. आमच्या धंद्यात दर पंधरवड्याला काहीतरी नवं जोडलंच पाहिजे असा दंडक असतो. वापरणाऱ्याला ते हवं आहे का, हे नंतर बघू. दोनशे वर्षांत दोन होल, हा वेग मला तेव्हा फार दिलासा देऊन गेला.

नवव्या होलनंतर चारच वर्षांनी इथे ब्रिटिश ओपन स्पर्धा आली. टेनिसला जसं विंबल्डन, तशी गोल्फला ही स्पर्धा. १८७४, १८७७, १८८०, १८८३, १८८६ आणि १८८९ अशी सहा वेळा ती या नऊ होलवर झाली. स्पर्धा तेव्हा छत्तीस होलची असे. इथे नऊच होल, म्हणून खेळाडू चार फेऱ्या मारत. जगातले सगळ्यांत चांगले खेळाडू एकाच छोट्या मैदानाला चार प्रदक्षिणा घालायचे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

या स्पर्धांतली एक गोष्ट मला चटका लावून गेली. बॉब फर्ग्युसन हा याच गावचा. १८८०, १८८१ आणि १८८२ अशी सलग तीन वर्षं त्याने ओपन जिंकली. चौथ्या वर्षी, १८८३ ला, स्पर्धा त्याच्या घरच्या मैदानावर. छत्तीस होलनंतर त्याची आणि विली फर्नीची बरोबरी झाली. मग आणखी छत्तीस होलचा निर्णायक सामना झाला आणि फर्ग्युसन एका फटक्याने हरला. पुढे त्याला टायफॉइड झाला आणि मोठ्या स्पर्धांमधला त्याचा खेळ संपला. नंतर तो याच मैदानावर राबला. दुसऱ्यांच्या काठ्या वाहिल्या, मैदानाची निगा राखली. तीन वेळचा विजेता गवताची काळजी घेत होता. त्याच्याकडे लोक कसे बघत असतील? एकदा तिसऱ्या होलवर उभा असताना सहज मनात आलं, इथलं गवत बॉब फर्ग्युसनने सांभाळलं होतं. त्या दिवशी माझा एक फटका जमिनीत रुतून मातीचा मोठा ढेपळा उडाला होता. तो उचलून मी जरा जास्तच नीट दाबून बसवला.

गोल्फचं भोक जगभर सव्वाचार इंच व्यासाचं असतं. टायगर वुड्स खेळतो तेही आणि आपल्या पॅलेसमधलंही. हा आकडाही मसलबऱ्याशी जोडलेला आहे. १८२९ मध्ये इथे भोक पाडायचं एक लोखंडी अवजार बनवलं गेलं, ते अजून जपून ठेवलेलं आहे. त्याचं माप तेवढंच. पुढे खेळाचे नियम ठरवणाऱ्यांनी तेच माप सगळ्यांसाठी पक्कं केलं. योगायोग असा की त्याच १८२९ मध्ये कलकत्त्याचा गोल्फ क्लब सुरू झाला. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब. एका गावच्या अवजाराचं माप जगाचं माप झालं. संगणकाच्या जगात अशी कितीतरी मापं आहेत. कुणीतरी सोयीसाठी एकदा ठरवलं आणि मग ते बदलणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

आता मैदानातून एक चक्कर मारू. इथल्या प्रत्येक होलला नाव आहे आणि त्या नावांत गावाचा इतिहास आहे. पहिला होल नावाप्रमाणेच आखूड, म्हणजे शॉर्ट होल. अंतर दीडशे यार्डांच्या आसपास. जोर लागत नाही, पण हात अजून गरम झालेले नसतात, मागे पुढच्या चमूतले लोक उभे असतात आणि चेंडू थेट ग्रीनवरच टाकायचा असतो. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत. बहुतेक मैदानांवर पहिला होल सोपा, लांब आणि रुंद ठेवतात, म्हणजे माणूस रुळतो. इथे पहिल्याच फटक्याला परीक्षा.

दुसऱ्याचं नाव ग्रेव्ह्ज, म्हणजे थडगी. १५४७ मध्ये इथून जवळच पिंकीची मोठी लढाई झाली, त्यातले सैनिक इथे पुरले असं सांगतात. तिसरा होल लिंकफील्ड, आणि चौथा मिसेस फोरमन्स. हा सगळ्यांत प्रसिद्ध. चारशे यार्डांहून लांब, या मैदानाच्या मानाने राक्षसच. त्याच्या टोकाला पूर्वी मिसेस फोरमन नावाच्या बाईंची खानावळ होती आणि भिंतीतल्या एका खिडकीतून खेळाडूंना खाणं-पिणं हातात मिळायचं. डाव न सोडता नाश्ता! आपल्याकडे एखादं मैदान असतं तर तिथे सेव-उसळची खिडकी नक्की निघाली असती.

इथून मैदान वळतं. मग सी होल, टेबल, बेदिंग कोच, होल अक्रॉस आणि शेवटचा गॅस. बेदिंग कोच म्हणजे पूर्वी समुद्रस्नानाला येणाऱ्यांसाठी असायच्या त्या चाकांच्या खोल्या. गॅस, कारण तिथे गॅसचा कारखाना होता. खानावळ, थडगी, स्नान, कारखाना. एका गावाच्या आयुष्यात आणखी काय असतं? नव्या मैदानांवरच्या होलना पोपट, गरुड, अशी नावं पाटीवर रंगवलेली असतात. ती कुणीतरी बसून ठरवलेली असतात. ही नावं लोकांच्या बोलण्यातून आपोआप पडली आहेत, दांडिया बाजार किंवा लहरीपुरा ही नावं पडली तशी.

या मैदानात झाडं जवळजवळ नाहीत, तळी नाहीत, डोंगर नाही. मग अवघड काय आहे? वारा. पहिले चार होल पूर्वेकडे जातात, पुढचे बरेचसे परत पश्चिमेकडे येतात. स्कॉटलंडमध्ये वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे जाताना वारा पाठीशी. चेंडू लांब जातो आणि वाटतं, अरे, आपल्याला खेळ जमायला लागला! चौथ्यानंतर वळलं की तोच वारा तोंडावर. त्याच काठीने, त्याच ताकदीने मारलेला चेंडू हवेत थबकतो आणि पुढ्यात येऊन पडतो. लांबी आखणाऱ्याने वाढवलेली नाही, वाऱ्याने वाढवली. शिवाय ती रोज वेगळी. एकच होल मंगळवारी सोपा आणि शनिवारी अशक्य.

दुसरी अडचण जमिनीची. समुद्राकाठच्या अशा वाळूमिश्रित, गवताळ, उंचसखल जमिनीला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. पाऊस पडला तरी पाणी मुरून जातं, जमीन टणक राहते. त्यामुळे चेंडू पडला तिथे थांबत नाही, घरंगळतो. कुठे पाडायचा यापेक्षा पडल्यावर कुठे जाईल हे आधी बघावं लागतं. लहानपणी आपण गोट्या खेळायचो तेव्हा मातीचा उतार बघून गोटी सोडायचो, तीच नजर इथे लागते. मोठ्या मैदानावर ताकदवान माणूस चेंडू उंच उडवून सगळ्या अडथळ्यांवरून नेतो. इथे जमिनीशी बोलणी करावी लागतात.

तिसरी गोष्ट, जागा वाढवून मिळणार नाही. चहूबाजूंनी शर्यतीचा मार्ग. मसलबऱ्यात घोड्यांच्या शर्यती १८१६ पासून चालू आहेत. त्यांचे पांढरे कठडे खेळाच्या वाटेत येतात आणि शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद असतो. शेजारून रस्ता जातो. पितळी तळाची ब्रासी नावाची जुनी काठी या रस्त्यावर पडलेले चेंडू मारण्यासाठीच निघाली असंही तिथे सांगतात. म्हणजे अडचण आली तर नियम बदलला नाही की जागा मागितली नाही, काठीला पितळ लावलं. इंजिनियर माणसाला याहून मोठा आनंद कसला!

या नऊ होलवर वाढलेला एक मुलगा पुढे मैदानं आखणारा म्हणून नावाजला, ते मला म्हणूनच स्वाभाविक वाटतं. विली पार्क धाकटा. त्याच्या वडिलांनी १८६० ची पहिलीवहिली ओपन जिंकली होती. काका मंगो पार्क यांनी १८७४ ची, इथेच. धाकट्याने स्वतः १८८७ आणि १८८९ अशी दोनदा जिंकली, त्यातली दुसरी घरच्या मैदानावर. नंतर लंडनजवळचं सनिंगडेल हे प्रसिद्ध मैदान त्याने आखलं, ते १९०१ मध्ये खुलं झालं. तिथे त्याच्या हाताशी भरपूर जागा होती. पण कमी जागेत माणसाला विचारात कसं पाडायचं, ते तो गावातच शिकला असणार.

माझ्या खेळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पार ३४ आणि माझे फटके साठीच्या घरात. पण पहिल्याच दिवशी एक चांगली गोष्ट झाली. मी एकटाच गेलो होतो. तिथल्या माणसाने मला एका आजोबांबरोबर आणि त्यांच्या नातीबरोबर जोडून दिलं. आजोबा निवृत्त बसचालक, नात दहा-अकरा वर्षांची. आजोबांच्या पिशवीत पाचच काठ्या. नियमाने चौदा चालतात. मी विचारलं तर म्हणाले, "नऊ होलला पाच पुरतात. जास्त असल्या की कुठली घेऊ यातच वेळ जातो." नात माझ्यापेक्षा सरस खेळत होती. जोर कमी होता, पण तिला उतार पाठ होते. सहाव्या होलवर तिने मला सांगितलं, "तिकडे बघू नका, झेंड्याकडे. त्या डावीकडच्या उंचवट्याकडे मारा, चेंडू आपला आपण येईल." मारला, आणि खरंच आला. दहा वर्षांची मुलगी, सत्तरीचे आजोबा आणि नवशिका परदेशी माणूस एकाच खेळात, एकाच वेळी, कुणीही कुणासाठी मुद्दाम वाईट न खेळता. आपल्या क्रिकेटमध्ये हे होत नाही. तिथे आजोबा पंच असतात आणि लहान मुलगी चेंडू आणायला.

एकदा हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या जुन्या धाटणीच्या काठ्या भाड्याने घेऊनही खेळलो. इथे त्या मिळतात. चेंडू नव्या काठ्यांइतका लांब जात नाही. आणि मग कळतं की हे मैदान लहान नाहीच. ज्या अवजारांसाठी ते घडलं, त्यांच्यासाठी ते बरोबर मापाचं आहे. अवजारं वाढत गेली आणि मैदानं त्यांच्यामागे धावत सात हजार यार्डांवर पोहोचली. हे मैदान धावलं नाही, इतकंच.

बायकांबद्दलची एक नोंद तर प्रत्येक मराठी मुलीला माहीत हवी. मसलबऱ्याच्या कोळिणी पाठीवर माशांची टोपली घेऊन चालत एडिंबऱ्याला जायच्या, मासे विकायच्या. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या पाटीवाल्या बायांची ही सख्खी बहीणच म्हणायची. या बायका सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळायच्या. डिसेंबर १८१० मध्ये इथल्या क्लबने ठरवलं की जानेवारीत होणाऱ्या खेळात ज्या कोळिणीचा खेळ सर्वांत चांगला होईल तिला एक नवी टोपली आणि शाल द्यायची, शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही अगदी सुरुवातीची नोंद मानतात.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. एडिंबऱ्यातल्या प्रतिष्ठितांचा एक जुना क्लब १८३६ पासून याच सार्वजनिक मैदानावर खेळत होता. गर्दी वाढली, सगळ्या गावाबरोबर जागा वाटून घ्यावी लागत होती. १८९१ मध्ये त्यांनी म्युअरफील्ड इथे स्वतःचं अठरा होलचं खासगी मैदान केलं, आणि १८९२ ची ओपन स्पर्धाही तिकडे गेली. मसलबऱ्याला ती पुन्हा कधी आली नाही. त्या म्युअरफील्डच्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचा निर्णय घेतला तो २०१७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच्या मतदानात तो ठराव पडला होता. इकडे कोळिणी दोनशे वर्षांपूर्वी रुमाल जिंकत होत्या.

म्हणजे मोठ्या माणसांनी मैदान सोडलं तेव्हा मसलबऱ्याचं काय गेलं? मान गेला, बातम्या गेल्या, कदाचित पैसाही गेला. राहिलं ते मैदान. आणि ते गावाचंच राहिलं. म्युअरफील्ड गोल्फच्या दृष्टीने थोर आहे, यात शंका नाही. पण निवृत्त बसचालक नातीला घेऊन पाच काठ्यांनिशी शनिवारी सकाळी जातो, तो मसलबऱ्याला.

आता आपल्याकडचं बोलू. हे वाचून कुणी "बडोद्यात असं गोल्फ मैदान हवं" म्हणेल, तर माझं मत सरळ आहे, नको. स्कॉटलंडमध्ये पाऊस फुकट पाणी घालतो आणि वाळूची ती जमीन शेतीला फारशी उपयोगाची नव्हती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढं गवत हिरवं ठेवायचं तर पाणी कुणाच्या तरी नळाचं जाणार. नक्कल करायचीच तर त्या मैदानामागच्या विचाराची करू.

तो विचार आपल्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटीबाग लोकांसाठी खुली केली. राजवाड्याच्या कुंपणाआड नाही, शहराच्या मध्यात, कुणीही यावं अशी. जुम्मादादांच्या व्यायामशाळेत प्राध्यापक माणिकरावांनी किती पिढ्यांना मल्लखांब आणि लेझीम शिकवली. त्यासाठी सात हजार यार्ड लागले नाहीत. एक आखाडा, एक खांब आणि शिकवणारा माणूस पुरला.

आणि आज? आमच्या सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळतात ती तासाच्या भाड्याने घेतलेल्या जाळीतल्या बॉक्स क्रिकेटमध्ये. दहा जणांनी वर्गणी काढायची, रात्री नऊचा तास मिळतो. ज्याच्याकडे त्या दिवशी पैसे नाहीत तो "आज अभ्यास आहे" म्हणतो. मुली जवळपास दिसत नाहीत. आजोबा बाकावर. दहावी आली की तेही बंद होतं, आणि एकदा बंद झालेला खेळ तिशीत पुन्हा सुरू करणं किती कठीण असतं, ते माझ्या वयाचे सगळे जाणतात. खेळ सोडणाऱ्यांना विचारलं तर आवड गेली असं क्वचितच कुणी सांगतं. वेळ नाही, जागा नाही, बरोबर कुणी नाही, हीच तीन उत्तरं मिळतात. मसलबऱ्याच्या नऊ होलकडे या तिन्हींचं उत्तर आहे. दोन तास. सगळ्यांची जागा. आणि एकटे गेलात तर कुणाशी तरी जोडून देणारा एक माणूस.

या तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही, आणि तीच आपल्याकडे सगळ्यांत आधी सुरू करता येईल. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक वाड्यामागे एक तुकडा असतो जिथे सध्या फक्त स्कूटर उभ्या राहतात. तिथे लगोरी होईल, बॅडमिंटन होईल, रिंग टेनिस होईल. मुलांनी, खास करून तुम्ही पंधरा ते पंचविशीतल्या मंडळींनी, तो तुकडा पावलांनी मोजा. कागदावर आखा. सत्तरीचे आजोबा आणि दहा वर्षांची मुलगी दोघंही खऱ्याखुऱ्या चुरशीने खेळतील असा एक तासाचा खेळ त्यात कसा बसवता येईल, ते काढा. अट एकच, जागा वाढवून मिळणार नाही.

आखलेले कागद मंडळाकडे फोटो काढून पाठवा. चांगले तीन आराखडे पुढच्या अंकात याच सदरात छापू, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांतला एक तरी आपण प्रत्यक्ष खेळून बघू. बक्षीस म्हणून टोपली आणि शाल द्यायची माझी तयारी आहे. बार्सिलोनाचे रुमाल मात्र मिळणार नाहीत, त्याऐवजी भाकरवडीवर भागवा.